तबकडीवरची झिजलेली जागा

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात मला अजूनही बरेच जण 'लायब्ररीतल्या शोभाताई' म्हणून ओळखतात. त्यात खोटं काही नाही, पण पुस्तकांना मी कधी हात लावला नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली एक बिनखिडक्यांची खोली आहे. माझी सगळी नोकरी तिथे झाली. जुन्या तबकड्या, टेपा आणि कॅसेटींमधला आवाज काढून संगणकावर उतरवायचा आणि उतरवताना होईल तितका स्वच्छ करायचा, एवढंच माझं काम. एकदा गणपतीच्या जेवणात जर्सी सिटीहून आलेल्या एका तरुण गृहस्थांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही ऑफिशियली कॉपी करता? मस्त जॉब आहे यार." मलाही इतकी वर्षं तो मस्तच वाटत आला. यंदा निवृत्त झाले, तेव्हा मंडळाच्या अंकासाठी त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

मी गंगाखेडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते आणि त्याच शाळेत मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. गणिताच्या बाईंनी त्यांच्या घरी बसवून माझा अभ्यास घेतला म्हणून औरंगाबादच्या इंजिनियरिंग कॉलेजात पोचले, आणि तिथल्या सरांनी अर्ज भरायला लावले म्हणून अमेरिकेत. शिकताना पोट भरण्यासाठी ग्रंथालयातलं हे काम धरलं होतं. पुढे बरोबरीचे सगळे मोठमोठ्या कंपन्यांत गेले, मी तिथेच राहिले. माझी मुलगी लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम लिसन्स टू डेड पीपल." मी रागवायची. पण खरं म्हणजे ते अगदी बरोबर वर्णन होतं.

या कामातली मुख्य गोष्ट बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. आवाज स्वच्छ करणं सोपं आहे, कुठे थांबायचं हे कळणं अवघड. सुरुवातीच्या काळातच मला हे एका काकांनी शिकवलं. त्यांच्या आईने कऱ्हाडहून पाठवलेली कॅसेट ते घेऊन आले होते. त्या काळी फोन परवडायचा नाही, म्हणून पुष्कळ घरांतून पत्राऐवजी कॅसेटी यायच्या. आई बोलत होती आणि मागे भांडी, शेजारची कोंबडी, एसटीचा हॉर्न, सगळं चालू होतं. काका म्हणाले, "हा सगळा नॉइज काढून टाका, मला फक्त आई पाहिजे." मी चार दिवस खपून काढला. काकांनी हेडफोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आई आहे. कऱ्हाड गेलं हो यातून." मूळ कॅसेट होती, म्हणून कऱ्हाड परत देता आलं. माझ्या वडिलांचा आवाज माझ्यापाशी कशावरच नाही. ते फोनवर बोलायचे, आणि फोन ठेवला की संपायचं. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज जपणाऱ्या मला ते कसं सुचलं नाही, कोण जाणे.

पण आज सांगायचंय ते एडा लिंडहोमबद्दल.

वर्षातून एकदा आमच्या ग्रंथालयात कुणीही घरची जुनी रेकॉर्ड घेऊन यावं, अशी पद्धत होती. एका वर्षी त्या दिवशी पेनसिल्व्हेनियातून रूथ नावाच्या आजीबाई आल्या. ऐंशीच्या पुढे वय, पाठ ताठ, हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी. सोबत त्यांचा मुलगा डॅनियल, तोही साठीला आलेला, विम्याच्या कंपनीत काम करणारा. रूथना बसायला खुर्ची दिली तर त्या म्हणाल्या, आधी रेकॉर्ड ठेवायला जागा द्या.

त्यांचं मागणं फार स्पष्ट होतं. "माझे कान चाललेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वर्षभर पुरतील. ही माझी आजी आहे. हिच्या गाण्यात शेवटाकडे एक वरचा सूर होता. आता तो लागत नाही, नुसती खरखर येते. कान आहेत तोवर मला तो एकदा ऐकायचाय."

एडा लिंडहोम ही त्यांच्या आईची आई. मी तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि तुम्हीही ऐकलेलं नसणार. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती ऑपेरात गायची. ऑपेरा म्हणजे सगळं नाटक गाण्यातच, आपल्याकडच्या संगीत नाटकात गद्य अजिबात नसावं तसं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते ओरडणं वाटलं होतं. ऐकता ऐकता कान तयार झाला.

एडा दूधदुभत्याच्या धंद्यातल्या एका लहान गावची. चर्चमध्ये गायची. तिचा आवाज ऐकून गावाने वर्गणी काढली आणि तिला शिकायला न्यूयॉर्कला पाठवलं. तिचे उच्चार गावठी म्हणून वर्गातल्या मुली हसायच्या, हे रूथने सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून तबकडी पुसत राहिले. माझ्या पहिल्या सेमिस्टरला मी 'झिरो' म्हटलं की मागचा बाक हसायचा.

त्या काळी अमेरिकन लोकांना अमेरिकन गायिका नको असायची, युरोपातली हवी असायची. मॅनेजरने तिचं नाव बदलून आदा लिंदी केलं. न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगमंचावर तिला राणीचं काम कधी मिळालं नाही, राणीच्या दासीचं मिळालं. शेवटी एका फिरत्या कंपनीबरोबर ती रेल्वेने गावोगाव हिंडू लागली आणि तिथे मात्र ती राणी झाली. धान्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, ओव्हरकोट घातलेल्या लोकांपुढे, आठवड्यातून पाच-सहा वेळा ती जड जड भूमिका गायची. तान्ही मुलगी गावाकडे बहिणीपाशी ठेवलेली. चाळिशीच्या आत आवाज फाटला. पुढे बोलपट आले, कंपनी बंद पडली, आणि ती गावी परतली तेव्हा मुलगी मावशीलाच आई म्हणत होती.

या सगळ्या धावपळीत तिने मोजक्या रेकॉर्डी केल्या. तेव्हा माईक नव्हते. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, दुसऱ्या टोकाला सुई मेणात चर कोरत जायची. वरचा सूर फार जोरात गेला तर सुई उडायची, म्हणून मागे एक माणूस उभा असायचा. तो सूर आला की तो गायिकेच्या खांद्याला धरून तिला मागे ओढायचा. एडा नातीला सांगायची, "माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सूर लागला, तेव्हा मला कुणीतरी मागे खेचत होतं."

मी तबकडी धुऊन लावली. खरखरीतून आवाज वर आला, उबदार आणि सरळ. शेवटाकडे चाल चढत गेली, चढली, आणि जिथे तो सूर यायला हवा तिथे चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा नुसता चरचराट झाला. मग पुन्हा गाणं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या जागी चराच्या भिंतीच उरल्या नव्हत्या. लोखंडी सुई दर गाण्याला बदलायची असते, नाहीतर ती बोथट होऊन चर खरवडते. आणि पहिल्यांदा झिजतो तो जोराचा, वरचा सूर. जी जागा सगळ्यात आवडती, तीच सगळ्यात आधी जाते. माझ्या खोलीत आलेल्या बहुतेक लाडक्या तबकड्यांचं असंच झालेलं असायचं. कोऱ्या राहायच्या त्या कुणालाच न आवडलेल्या.

रूथना मी सांगितलं की इथे आता काहीच शिल्लक नाही. त्यांनी मान हलवली, आणि उशीचा अभ्रा घडी करत बसल्या.

डॅनियल मात्र मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. दुसऱ्या कुठल्या गायिकेचा तोच सूर उचलून तिथे बसवता येणार नाही का, असं त्याने विचारलं. नाहीतर आता कॉम्प्युटरच बनवून देतो म्हणे. "आईला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, आमचा नियम आहे. तबकडीत आहे त्यातलं आम्ही काढू शकतो, पण नाही ते घालत नाही.

"हा नियम नक्की कोणासाठी आहे? गेलेल्यांसाठी, की माझ्या आईसाठी?"

  मी म्हटलं, आधी दुसरी प्रत सापडते का बघू.

एडा लिंडहोम या नावाखाली काहीच सापडेना. आदा लिंदी या नावाखाली शोधल्यावर जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या एका निवृत्त दंतवैद्याकडे तीच रेकॉर्ड निघाली, जवळजवळ न वाजवलेली. ती टपालाने पाठवायला त्याने साफ नकार दिला. स्वतः गाडी चालवत जॉर्जियाहून न्यू जर्सीला आला, तबकडी शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेली. म्हणाला, "लग्नानंतर बायकोलासुद्धा मी इतक्या हळू चालवत आणलं नव्हतं." तो खोलीत उभा राहून ऐकत असताना मी ती वाजवली. वरचा सूर आला. स्वच्छ, बारीक, ताणलेल्या तारेसारखा, जरासुद्धा न थरथरता. दंतवैद्याने डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

जुन्या तबकड्यांचा वेग प्रत्येक कंपनीचा वेगळा असायचा. वेग चुकला की गाणारा माणूसच बदलतो. हळू फिरवली तर पेटीवरच्या काळी चारचं गाणं काळी तीनला येतं आणि आवाज जाड, म्हातारा होतो. जोरात फिरवली तर उलट. म्हणून छापील स्वरलिपीशी आणि साथीच्या वाद्यांशी ताडून मी वेग ठरवायची. याही रेकॉर्डीचा अगदी काटेकोर ठरवला आणि दोघांना बोलावलं.

रूथ हेडफोन लावून बसल्या. गाणं सुरू झालं, चढलं, सूर आला, संपलं. डॅनियल आईच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी हेडफोन काढला आणि सभ्यपणे म्हणाल्या, "सुंदर आहे. कोण आहे ही?"

"मॉम, तुझी आजी आहे."

"नाही. माझी आजी इतकी घाईत नसायची."

डॅनियल तोंड फिरवायला खिडकी शोधायला लागला, आणि तिथे खिडकी नाही. त्याला वाटलं, आईचं डोकंही कानांबरोबर चाललं. मला मात्र 'घाईत' या शब्दाने चटका बसला. घरी ही रेकॉर्ड कशावर वाजायची, मी विचारलं. चावीचा ग्रामोफोन, अजून आहे, स्वयंपाकघरात, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी येते.

पुढच्या रविवारी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघर मोठं, जुन्या पद्धतीचं. एका भिंतीशी ग्रामोफोन आणि समोरच्या भिंतीशी शेगडी. ग्रामोफोनला वेगाचा एक छोटा दांडा असतो. तो अगदी हळूच्या बाजूला सरकवलेला होता आणि वर औषधाची चिकटपट्टी लावलेली होती, पिवळी पडलेली.

"ही आजीने लावली," रूथ म्हणाल्या. "ती गेल्यावर माझ्या मॉमने कुणाला हात लावू दिला नाही. सुईलाही नाही. आजीने बसवलेली सुई तशीच ठेवायची."

मी विचारलं, "तुमच्या आईला हे गाणं आवडायचं?"

"मॉमला? रेकॉर्ड सुरू झाली की मॉम गोठ्याकडे निघून जायची. आजी जिवंत असेपर्यंत तिने ते एकदाही पूर्ण ऐकलं नाही. आजी गेल्यावर मात्र दर रविवारी स्वतः चावी द्यायची."

म्हणजे ती एकच सुई, दर रविवारी, वर्षानुवर्षं. त्या घराने तो सूर असा प्रेमाने खरवडून काढला होता. 

ग्रामोफोन चालवून वेग मोजला. चांगला एक स्वर खाली होता. लॅपटॉपवर दंतवैद्याची स्वच्छ प्रत तितकीच हळू केली आणि लावली. पहिल्या दोन ओळींतच रूथनी टेबलावर हात टेकले. "हो," त्या म्हणाल्या. "हीच. डॅनी, ही तुझी पणजी." डॅनियलने आईच्या खांद्यावर हात ठेवला. गाणं चढत गेलं. 

सूर आला, पूर्ण, झिजलेला नसलेला. रूथनी स्पीकरकडे न बघता मान वळवून शेगडीकडे बघितलं.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "तो इकडून यायचा."

"इकडून म्हणजे कुठून?" डॅनियलने विचारलं.

"आजी इथे उभी असायची ना. रविवारचं जेवण करत. मी त्या टेबलाखाली खेळायची. रेकॉर्ड लागली की ती पातेलं ढवळतच राहायची. ती जागा आली की रेकॉर्ड खरखरायची, आणि आजी..."

त्या थांबल्या.  ते त्यांचं त्यांनाच कळत होतं, आणि ते कळताना बघणं फार कठीण होतं.

"आजीच गायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो रेकॉर्डमध्ये नव्हताच. तो ती गायची."

मग मला जे दिसत होतं ते मी सांगितलं. आवाज फाटल्यावर आणि वय झाल्यावर एडाला तिचा स्वतःचाच सूर गाठता येईनासा झाला असणार. म्हणून तिने रेकॉर्ड एक स्वर खाली आणली, पोचेल इतकी, आणि दांडा हलू नये म्हणून पट्टी लावली. तरुणपणीच्या आपल्या आवाजाबरोबर गाण्यासाठी. ती जागा झिजू लागली तेव्हा तिथे ती एकटीच उरली. त्या सुराचं ध्वनिमुद्रण जगात कुठेच नव्हतं. जॉर्जियात नव्हतं, माझ्या तळघरात नव्हतं, कधी होणारही नव्हतं. टेबलाखाली खेळणाऱ्या एका मुलीच्या कानात होतं, आणि ते कान आता चालले होते.

डॅनियल सिंकपाशी जाऊन पाणी पीत राहिला. रिकाम्या ग्लासाने.

रूथनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "आमची रेकॉर्ड आणलीय? झिजलेली?" तिची प्रत माझ्याकडे होती. ती त्याच हळू वेगात लावली. खरखरीची जागा आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि शेगडीकडे तोंड करून बसल्या. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. त्या दुपारी आम्ही ती किती वेळा ऐकली, मी मोजलं नाही. निघताना त्यांनी माझा हात धरला. "शोबा," त्या मला असंच म्हणायच्या, "त्या जागी काही घालू नकोस. काही साफसुद्धा करू नकोस."

मी दोन प्रती केल्या. एक विद्यापीठाच्या संग्रहासाठी, योग्य वेगाची, स्वच्छ. संशोधकांना तीच लागते आणि तीच बरोबर आहे. दुसरी रूथसाठी, चुकीच्या वेगाची, झिजलेली, जशीच्या तशी. माझ्या नोकरीत मी इतकं कमी काम केलेली दुसरी प्रत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या आधीच रूथचे कान गेले. डॅनियलचा फोन यायचा. रविवारी तो रेकॉर्ड लावायचा आणि रूथ ग्रामोफोनच्या लाकडावर हात ठेवून बसायच्या, असं तो सांगायचा. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

अंत्यविधीला मी गेले. लहानसं सभागृह, गावातली वयस्क माणसं, बाहेर बर्फ. पाद्री बोलून झाल्यावर डॅनियलने सांगितलं की आता त्याची पणजी गाईल. गाणं सुरू झालं, हळू, एक स्वर खाली. लोक शांतपणे ऐकत होते. चाल चढली आणि ती जागा आली. खरखर सुरू झाली तशी कोपऱ्यातला काळ्या कोटातला कर्मचारी घाईने उठला आणि स्पीकरची वायर चाचपायला खाली वाकला. डॅनियलने पहिल्या रांगेतून न वळता नुसता हात वर केला. तो माणूस होता तिथेच थांबला, अर्धवट वाकलेला.

खरखर संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग एडा लिंडहोम पुढची ओळ गायला लागली.